नळ बंद करणारी पहिली

जपानमधल्या त्या गरम झऱ्याच्या गावात पाहुण्यांच्या हौदाचं पाणी दिवसरात्र काठावरून वाहू द्यायचं, हीच प्रत्येक सराईची इज्जत. ज्याचा नळ बंद, त्याचं दिवाळं वाजलं म्हणायचं. यंदा झऱ्याचं पाणीच खाली गेलं, तरी ते वाचवायला आधी कोणी नळ बंद करायचा, यावर सराईवाल्यांच्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

"आधी मी बंद करते," म्हातारी फुसाए बोलून गेली.

"सराई विकायला काढलीत वाटतं, फुसाएबाई!" शेजारचा सराईवाला इवाओ हसला.

सकाळी पाहुणे बाहेर पडल्यावर तिने नळ फिरवला. हौद गप्प झाला. जन्मात पहिल्यांदाच घर असं मुकं झालं होतं. आता फक्त इवाओच्या हौदाचा आवाज येत होता, टोमणे मारल्यासारखा.

मग तोही थांबला.

झरा आटला! फुसाए अनवाणीच कुंपणाकडे धावली. तिथे इवाओ उभा होता, चेहरा पांढराफटक.

"झरा आहे हो. नळ मीच बंद केलाय," तो पुटपुटला. "पण घरात ती शांतता ऐकवत नाही. जरा तुमच्या ओसरीवर बसू का?"