आपल्या माणसाची खाट

आरोंद्याच्या सुगंधा केरकरांनी अठरा वर्षं खाडीपलीकडे गोव्यातल्या एका हॉटेलात खोल्या झाडल्या. 'झाडल्या' असं आपण म्हणायचं. त्यांच्यासमोर म्हणालात तर पुन्हा तोंड उघडायची सोय नाही. त्या खोल्या 'लावायच्या'. पण त्यांचा खरा तोरा चादरीच्या इस्त्रीचा नव्हता, ढेकूण ओळखण्याचा होता. गादीच्या शिवणीत शाईच्या टिंबाएवढा काळा डाग दिसला, की त्यावर ओल्या कापसाचा बोळा फिरवून त्या निकाल देत: डाग तांबूस पसरला तर ढेकूण. औषध मारणाऱ्याला बोलवायच्या आधी तिथले साहेब सुगंधाबाईंना बोलवत.

लग्नाला जावोत की देवदर्शनाला, लॉजच्या खोलीत शिरल्या की पिशव्या आधी न्हाणीघरात आणि मोबाइलचा दिवा लावून बाई गादीखाली. सुनेला, सलोनीला, मेल्याहून मेल्यासारखं होई.

"आई, लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. चावतत ते लोकांका नाय, माका चावतत."

सुगंधाबाईंनी नोकरी सोडली आणि मुलगा सर्वेश व सलोनी यांनी घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. मे महिन्यात पहिलं कुटुंब आलं, कोल्हापूरचं. नवरा, बायको आणि लहान मुलगी. बायकोचं नाव विनीता. तिने बॅगा पडवीतच ठेवायला लावल्या, पर्समधून टॉर्च काढला आणि पाणीसुद्धा न पिता गादीला हात घातला.

सलोनीचा चेहरा उतरला. सुगंधाबाईंना मात्र मनापासून आनंद झाला. एवढ्या वर्षांत आपल्यासारखं कुणीतरी भेटलं होतं! "ताई, टॉर्च असा आडवा धरा. शिवण झाली की खाटेचे सांधे बघा," असं म्हणत त्या स्वतःच पायथ्याशी गुडघ्यावर बसल्या, अगदी शिकवणी घ्यायला बसल्यासारख्या. आणि सांध्याच्या फटीत त्यांना चार काळी टिंबं दिसली. पाचवं हललं.

ही खाट मुंबईची. थोरल्या दिरांनी पंधरा दिवसांपूर्वी मुंबईची खोली सोडली, आणि तिकडची खोली सोडली की सामान गावाला, ही आपल्याकडची रीतच आहे. टेम्पोतून शिसवी खाट उतरली तेव्हा सुगंधाबाईंचे डोळे भरून आले होते, कारण ती सासऱ्यांनी घेतलेली. त्यांनी ती पुसली, तिला हळदकुंकू वाहिलं, वर नवी गादी घातली आणि मानाने पहिल्या खोलीत मांडली. परक्यांच्या हजार गाद्या उलटणाऱ्या बाईंना घरच्या खाटेचे सांधे बघायचं सुचलंच नाही. आपल्या माणसाच्या खाटेवर कोण संशय घेतं?

विनीता उशीच्या बाजूला होती. तिला काही दिसलं नव्हतं. तिथेच अंगठा दाबला असता तर काम झालं असतं. सलोनीने मात्र पाहिलं होतं, आणि ती डोळ्यांनीच विनवत होती. पहिलंच गिऱ्हाईक. पाहुण्यांनी मोबाइलवर दोन ओळी खरडल्या की खोल्यांचं नाव बुडालं, आणि सासूबाईंचंही. सुगंधाबाईंचे कान तापले. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

"विनीताताई, इकडे या," त्या म्हणाल्या. "हा ढेकूण. माझ्या घरातला. मी बघायला चुकले."

मग त्यांनी ती खोली बंद केली. "दुसऱ्या खोलीतल्या खाटा इथल्या सुताराने नव्या केल्यात. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तुम्हीच बघा. मी आत येत नाही."

विनीता अर्धा तास आत होती. हजार खोल्या तपासलेली बाई पडवीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. शेवटी विनीता हात झटकत बाहेर आली.

"काही नाही. आम्ही राहतो," ती म्हणाली. "मावशी, मी जाईन तिथे बघते. 'आमच्याकडे नसतात हो' एवढंच सगळे सांगतात. बोलावून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं."

सुगंधाबाईंनी मान हलवली आणि तोंड फिरवलं, कारण डोळ्यांतलं पाणी पाहुण्यांना दाखवायचं नव्हतं. मग सर्वेशला हाताशी घेऊन खाट अंगणात काढली आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली. दिरांना फोनवर काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी सलोनीचा फोन वाजला. वाटेपलीकडची अक्षया, तीही खोल्या भाड्याने देते. अंगणातली खाट तिला दिसली नसती तरच नवल. तपेलं हातात धरून सुगंधाबाई ऐकत उभ्या राहिल्या. सून आता ढेकणांऐवजी वाळवीचं नाव पुढे करणार, याची त्यांना खात्री होती.

"होय गो, ढेकूण गावलो," सलोनी वाटेवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "आमच्या आईन शोधून काढल्यान, आणि पावण्यांका बोलावन दाखवल्यान. तुझी पण खोली बघूक धाडू काय तिका?"