लाइन पाडणारी वर्षाली

वर्षाली चिंचवडच्या एका ऑफिसात बसून विजेच्या लाइनी पाडते. दचकू नका, सगळं कॉम्प्युटरवर! एखादा सोलर प्रकल्प खऱ्या ग्रिडला जोडण्याआधी ती त्याची हुबेहूब नक्कल पडद्यावर उभी करते. मग मुद्दाम एखादी लाइन तोडायची आणि बघायचं, प्रकल्प तग धरतो की अंग काढून घेतो. टिकला तरच जोडणीची परवानगी. चाकणजवळच्या नव्या प्रकल्पाचा रिपोर्ट हा तिच्या एकटीच्या नावावरचा पहिला, आणि तो नेमका खंडेनवमीच्या संध्याकाळी द्यायचा होता.

रिपोर्ट तयारच होता, म्हणून दुपारी ती चाकणला वडिलांच्या वर्कशॉपात पूजेला गेली. बीडहून आलेले तिचे वडील, नवनाथ, तिथे पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतात. झेंडूच्या माळा घातलेले प्रेस गप्प उभे होते. शेजारचं वर्कशॉप गप्प, पलीकडचंही.

"सगळंच बंद आहे का हो, अण्णा?"

"मग! आज हत्याराला हात लावायचा नसतो, माय. अख्ख्या चाकणात कोण लावील?"

वर्षालीला आपला रिपोर्ट आठवला. सर्वांत कमी वीज लागणारा दिवस म्हणून तिने त्यात रविवार धरला होता, आणि रविवारी इथल्या कितीतरी कंपन्या चालूच असतात. आज ऊन मी मी म्हणत होतं. वीज भरपूर, खाणारं कुणी नाही. या पट्ट्यात लहानाची मोठी झाली आणि बाई रिपोर्टात खंडेनवमीच विसरली!

प्रसाद मुठीत तसाच धरून ती ऑफिसात परतली. पडद्यावरचा लोड, म्हणजे विजेचा वापर, खंडेनवमीइतका उतरवला, लाइन पाडली. व्होल्टेज भसकन वर चढलं, सोलरचे संच एकामागून एक ग्रिडपासून सुटले, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच प्रकल्प आडवा. वर्षाली थक्क होऊन बघत राहिली. हजारो माणसांनी भक्तिभावाने हात बाजूला ठेवले, तर त्याचा हिसका पार तारांपर्यंत!

"सर, माझा रिपोर्ट चुकलाय. आज नाही देता येणार," तिने आपल्या साहेबांना, रणजीतना सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "उशीर तुझ्या नावावर लागेल."

"लागू द्या, सर."

चढतं व्होल्टेज प्रकल्पाने स्वतःच खाली ओढावं, यासाठी सेटिंग बदलण्यात तिचा दसराही गेला. अखेर लाइन पडली, पडद्यावरची रेघ उसळली, थरथरली आणि सरळ झाली. एकही संच सुटला नाही.

एखाद्या खंडेनवमीला खरी लाइन पडेलही. तेव्हा पंखे फिरत राहतील, आरत्या चालू राहतील, आणि कुणाला काही कळणारही नाही. वर्षालीने पडद्यापुढे, आपल्या हत्यारापुढे, हात जोडले आणि पोटभर रडून घेतलं.