विहिरीच्या काठावरचा सारंग

अत्यंत गंभीर बाब म्हणून सर्वांच्या निदर्शनास आणण्यात येते की, आकुर्डी गावाला समुद्र नाही. पूर्वीही नव्हता. त्यामुळे पन्नासच्या दशकात मी मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या एका जहाज कंपनीत कॅडेट म्हणून, म्हणजे अधिकारी होण्यासाठी काम शिकणारा उमेदवार म्हणून, निवडला गेलो, तेव्हा गावाने पेढे मागितले नाहीत. दावं तोडायच्या बेतात असलेल्या खोंडाकडे बघावं तसं गाव माझ्याकडे बघू लागलं.

सगळ्यात जास्त संशय तात्यांना. तात्या माझे थोरले चुलते. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे मला पाठवायचं की नाही, हे तात्यांच्या शब्दावर होतं. तो शब्द काही ते देत नव्हते. ‘‘बोटीवर पोरं नेत्यात आन तिकडंच इकून टाकत्यात,’’ असं त्यांचं ठाम मत. कोण विकतं, कोण घेतं, मॅट्रिक पोराला काय भाव येतो, असल्या फुटकळ चौकशीला ते उत्तर देत नसत.

अशात देवाने एक सारंग धाडला. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. हा गृहस्थ रत्नागिरीकडचा, निम्मं आयुष्य मालवाहू बोटींवर घालवलेला. त्याचा मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला आणि बापलेक आमच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायला आले. त्याच दिवशी मी सारंगाचं शिष्यत्व पत्करलं, आणि त्याच दिवशी तात्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी तात्यांना मुद्देमाल सापडला. हा माणूस ताटाखाली ओलं फडकं अंथरून जेवत होता.

‘‘करणी हाय,’’ मला गोठ्यात ओढून तात्या कुजबुजले.

‘‘तात्या, बोट हलते. ओल्या फडक्यावरून ताट घसरत नाही. सवय आहे त्यांना.’’

‘‘आपली पडवी हालती व्हय रं?’’



रोज मळ्यात माझी शाळा भरायची. ‘‘पहिले काही दिवस ओकाऱ्या होणारच,’’ सारंग सांगायचा. ‘‘पण पोट रिकामं ठेवू नकोस मेल्या. कोरडी भाकरी चघळ आणि कामाला उभा राहा. अंथरुणात पडून राहिलास की संपलास. हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणून दाखव. कळला नसेल तर विचार. उगाच मान हलवणारा पोरगा बोटीवर सगळ्यात धोक्याचा.’’

एकदा मोटेजवळ उभं राहून मी हे ऐकत असताना त्याने मला असा काही हिसका दिला, की मी चिखलात बसलो. जमिनीवर मोटेचा नाडा वेटोळं करून पडला होता आणि माझा पाय नेमका त्या वेटोळ्यात होता.

‘‘बैल निघाले असते तर पाय कुठे गेला असता? दोराच्या वेटोळ्यात उभं राहायचं नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेतही नाही. तुटला तर माणूस कापतो तो.’’

कडवळाच्या उभ्या पिकाआडून तात्या बघत होते. ‘‘खलाशी म्हनं!’’ घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. ‘‘दोराला भितोय!’’

मग एका रविवारी तात्यांनी शेवटचा डाव टाकला. अख्खी आळी विहिरीवर जमवली. आमच्याकडे चालायला लागलेलं पोर पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत पोहत असतं. दर्याच्या माणसाची परीक्षा दुसरी कुठली घेणार?

‘‘सारंग,’’ तात्या गोड हसून म्हणाले, ‘‘पोरांस्नी जरा पवून दावा. दर्यातलं मानूस तुमी. ही हीर म्हंजी तुमाला वाटी.’’

‘‘मला पोहता येत नाही,’’ सारंग म्हणाला.

आळी खदाखदा हसली. ‘‘बोट कागदाची आसंल ह्येची!’’ माझा चुलतभाऊ ओरडला.  माझी बोट मात्र गेलीच होती.

‘‘झालं!’’ तात्यांनी निकाल दिला. ‘‘पोरगं कुटं जानार न्हाई. पिंपरीत चिकटंल. आन तुमी, सारंग, इतकी वर्सं दर्यावर व्हता म्हनता, मग बुडला कसं न्हाई?’’

‘‘एक हात कामाला, एक हात बोटीला,’’ सारंग शांतपणे म्हणाला. ‘‘भर समुद्रात पडल्यावर पोहून जाणार कुठे, तात्या? पोहणारी पोरं कठड्याबाहेर वाकतात, दोन्ही हात सोडतात. मला येत नव्हतं, म्हणून मी बोट कधी सोडली नाही. आणि खरं सांगू? पाण्यापेक्षा मला भीती बोटीच्या पोटातल्या कोठाराची. धान्य भरून बंद ठेवलेलं कोठार उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. आत कुणी पडलेला दिसला, तरी त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. आधी ओरडायचं, माणसं जमवायची. तुमच्या पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगितलंय.’’

हसणं थांबलं. आमच्या गावात धान्याची पेवं होती, जमिनीखाली खोल. एके वर्षी पेव उघडल्या उघडल्या एक गडी आत उतरला आणि वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. तो दुसरा म्हणजे माझे वडील. तात्या तेव्हा काठावर उभे होते.

तात्या विहिरीच्या कडेला बसले. मला म्हणाले, ‘‘पयल्या दिशी सांगितलं?’’

‘‘व्हय.’’

‘‘म्हन बगू.’’

मी म्हणून दाखवलं. बंद कोठार, कंदील दोराने आत सोडणं, तो मंदावला तर माघार, आणि ठीक जळला तरी कमरेचा दोर वरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय उतरायचं नाही. तात्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.  संपल्यावर त्यांनी सारंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली विहिरीकडे पाहिलं. त्या विहिरीत दर उन्हाळ्यात त्यांनीच मला ढकलून पोहायला शिकवलं होतं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना संशय परत आला, यावेळी माझ्यावरचा. आणि सगळ्या आळीसमोर ते एकदम ओरडले,

‘‘आवो सारंग, पन आमचं पोरगं तर माशावानी पवतंय! आता त्येचं काय करायचं?’’