लाल नावं

“मॅडम, पान लई उघडं-बोडकं दिसायलंय,” असं म्हणत मोठे बाबू माझ्या स्क्रीनवर बोट ठेवायचे. बोटाला कायम शिक्क्याच्या पॅडचा जांभळा डाग.

ते आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क, मी वेबसाइट सांभाळणारी. नोटिसा त्यांनी टाकायच्या आणि पसारा मी आवरायचा, अशी वाटणी. असा एक तरी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, त्याला डोळ्यांपुढं आणा.

बाबू रोज खुलताबादहून एसटीनं यायचे, आल्या आल्या वर्ड उघडायचे आणि नोटीस नवरीसारखी नटवायचे. मथळा हिरवा, तारीख निळी, खाली दुहेरी रेघ, मागं पिवळा पट्टा. फीची नोटीस म्हणावी की बारशाचं आमंत्रण? मग ते सगळं उचलून जसंच्या तसं वेबसाइटच्या एडिटरमध्ये चिकटवायचे. वर्डमधली छुपी सजावट सोबत यायची, आणि मोबाइलवर एका ओळीत एकच अक्षर उभं राहायचं. एकदा तर प्राचार्यांचा संदेश अर्धा पानाबाहेर गेला. तो तसाच बरा होता म्हणा.

आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला, नाहीतर हे खोडरबराचं बटण दाबा म्हणजे सजावट जाते, हे मी किती वेळा सांगितलं! बाबू “व्हय व्हय” म्हणायचे, वहीत लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. कामून हो बाबू, असं विचारलं की म्हणायचे, “साध्या अक्षराला कोण इचारतंय?” पालथ्या घड्यावर पाणी. डब्याच्या वेळी मी त्यांची नक्कल करायचे, सगळं ऑफिस हसायचं. बाबूही हसायचे.

प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी यादी टाकली. काही नावं काळी, काही लालभडक. मी म्हटलं, झालं, आता पोरांनाही रंग फासला यांनी. सगळं सिलेक्ट केलं, खोडरबर दाबलं. पान कसं लख्ख झालं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी बाबू टेबलापाशी आले. आवाज एकदम खाली.

“मॅडम, लाल कामून काढलं?”

यादीच्या तळाशी एक ओळ होती. लाल रंगातल्या विद्यार्थ्यांनी मूळ कागदपत्रं बुधवारी पाचपर्यंत जमा करावीत, अन्यथा प्रवेश रद्द. ओळ जागेवर होती, लाल नाव एकही नव्हतं. मी ती ओळ वाचलीच नव्हती. खरं सांगते, बाबूंची एकही नोटीस मी कधी वाचली नव्हती, नुसती पुसली होती.

अकरा नावं. बाबूंनी अर्ज काढले, एकेकाला फोन लावले. दहाजण धावतपळत आले. शेंद्र्याच्या एका मुलीचा फोन बंद. बाबू रिक्षा करून स्वतः शेंद्र्याला गेले, तर घराला कुलूप, सगळे बाहेरगावी लग्नाला. पाच वाजले आणि तिची जागा गेली.

प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. चूक कुणाची, एवढंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबू म्हणाले, “माझीच, साहेब. मला ते एडिटर जमत नाय.” प्राचार्यांनी त्यांचा पासवर्ड बंद करायला सांगितला, तोही मलाच. मी केला. माझी नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवा करार, बाबूंना ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून गप्प बसले. लाज वाटली, तरी गप्पच बसले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाबू निवृत्त झाले. जूनमध्ये ती शेंद्र्याची मुलगी वडिलांबरोबर पुन्हा प्रवेशाला आली, एक वर्ष घरी बसून. वडील माझ्याच टेबलापाशी थांबले आणि बाबूंची चौकशी करू लागले.

“ते नंतर परत घरी आले होते,” ते म्हणाले. “पोरीपुढं हात जोडले. म्हणले, माझ्या हातून तुझं वर्ष गेलं. एवढ्या वयाचा मानूस. भेटले तर सांगा, आमच्या मनात काय नाय.”

“सांगते,” मी म्हटलं. वर्ष कुणाच्या हातून गेलं, ते मात्र त्या पोरीला मी तेव्हाही सांगितलं नाही.