वाळवीने न खाल्लेल्या बाहुल्या

ही हकीकत लिहायचे मी चाळीस वर्षे टाळले. आधी वडील होते, मग नोकरी होती, मग रक्तदाब. आता सबबी संपल्या, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घराण्याच्या कळसूत्री बाहुल्या वाळवीने खाल्ल्या नाहीत. त्या मी गोदावरीत सोडल्या. दोष मात्र माझ्या धाकट्या भावावर, दत्तूवर आला, आणि मी तो येऊ दिला.

गेल्या महिन्यात दत्तूच्या नातीचा, प्राजक्ताचा फोन आला. हनुमान लंका जाळतो तो आमचा जुना खेळ ती नव्या बाहुल्या करून बसवत होती. पहिला प्रयोग नगरला, दुसरा आमच्या गावी, पुणतांब्याला. "अण्णाआजोबा, तुमचा सत्कारही आहे," ती म्हणाली. दत्तूला यावेळी खरे सांगायचेच, असे मी मनाशी ठरवले. पण बॅग भरली ती सत्कार हा शब्द ऐकून, हेही नमूद करतो.

पुण्याहून एसटी धरली. पाटीवर अहिल्यानगर, तिकिटावर अहिल्यानगर, आणि कंडक्टर दारात उभा राहून "नगर, नगर" ओरडत होता. शेजारी पारनेरकडचे एक शेतकरी बसले होते.

"कुठं निघाला पावनं?"

"बाहुल्यांच्या खेळाला."

"नातवंडाचा हाय का?"

"नाही, मी स्वतः कलावंत आहे."

त्यांनी माझ्या लेखनिकी बोटांकडे नीट पाहिले. "असल, असल," म्हणाले आणि सुप्यापर्यंत डोळे मिटून घेतले.

नगरचे सभागृह थंडगार होते. रावणाच्या प्रत्येक तोंडापुढे एकेक मोबाईल होता आणि दहाही तोंडे सेल्फी काढत होती. हनुमानाच्या शेपटीला दिव्यांची माळ. वडिलांच्या काळी तिथे खरा पोत (तेलात भिजवलेले पेटते फडके) असायचा आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्याचा पटका होरपळल्याशिवाय खेळ रंगला असे कुणी म्हणत नसे. इथे आईबाप खेळ फोनमधून बघत होते आणि पोरे आईबापांच्या फोनमध्ये. माझ्या मागची एक मुलगी विचारत होती, "मम्मी, या चार्ज कशा करतात?"

मी हसायची तयारी करूनच बसलो होतो. पण अशोकवनात प्राजक्ताच्या सीतेने मान थोडी कलती केली आणि तशीच ठेवली. ती दत्तूची मान. सीता त्याच्याकडे असायची. मी सतरा वर्षे शेजारी उभा राहून राक्षस नाचवले, मला ती कधी जमली नाही.

मग सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात मला 'परंपरेचे राखणदार' म्हटले होते. मीही माईक हातात घेऊन जतनाचे महत्त्व वीस मिनिटे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दत्तू आला नव्हता. "आजोबा खेळ बघत नाहीत," प्राजक्ता म्हणाली. "म्हणतात, बाहुल्या ज्याच्या हातनं मेल्या त्यानं पुढं बसू नये."

झाले होते ते असे. लाकडाला कीड लागू नये म्हणून दर अवसेला (अमावास्येला) बाहुल्यांना ऊन दाखवायचे, ही आमच्या घरची रीत, आणि ते काम दत्तूचे. एका वर्षी तो श्रीरामपूरला कापसाच्या कामाला गेला आणि दोन अवसा चुकल्या. मी तेव्हा नगरच्या कचेरीत होतो. तिथे मला 'बाहुलीवाले साहेब' म्हणत, आणि वडील दर जत्रेला रजा काढून यायला लावत. मला त्यातून एकदाचे सुटायचे होते. मी त्या फटीत हात घातला. एका पहाटे सतराही बाहुल्या नदीवर नेल्या आणि रिकाम्या पेटीत वारुळाची माती, भुसा आणि चार चिंध्या टाकून ठेवल्या. वडिलांनी, आमच्या दादांनी, पेटी उघडली. त्यानंतर ते सहा वर्षे जगले, दत्तूशी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाहुल्यांच्या टेम्पोतूनच निघालो. राहुरीपासून उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत श्रीरामपूर गाठले. रविवार होता. चर्चमधून बाहेर पडलेली मंडळी चहाच्या टपरीवर आमच्या आधी पोचली होती. टेम्पोवाल्याने पडदा सरकवून सगळ्यांना रावण दाखवला, फुकट. नगरपेक्षा इथे दाद चांगली मिळाली.

पुणतांब्याला दत्तूच्या सुनेने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची झणझणीत रश्शात शिजवलेली वेटोळी) केले होते. दत्तू वाकला आहे. जेवताना माझ्या शालीचे कौतुक करत राहिला. नंतर म्हणाला, "चला अण्णा, घाटावर जाऊन येऊ." प्राजक्ताही बरोबर आली. मी वाटेत वाक्य जुळवत होतो. पायरीवर टेकलो तर तोच आधी बोलला.

"अण्णा, एक सांगायचं हुतं. लई वर्सं झाली."

मला वाटले, याला कळले.

"दोन अवसा मी त्यास्नी ऊन दावलं न्हाई. तुमच्या वाटनीच्या बी माझ्याच हातनं गेल्या. दादांची माफी मागायची ऱ्हाऊन गेली. आता तुमी थोरले. तुमी माफ करा."

"त्याचं काय एवढं," मी म्हणालो.

"खाल्ल्याचं न्हाई वो. त्यास्नी पानी मिळालं न्हाई, त्याचं हाय."

आमच्याकडे थकलेली बाहुली फेकत नाहीत. दगड बांधून, तिचे नाव घेऊन नदीत सोडतात. त्याला पाणी देणे म्हणतात.

"दर अवसंला येतो हितं," दत्तू म्हणाला. "सगळ्यांची नावं घेतो. त्यांना ऐकू जातं का न्हाई, काय ठावं."

आम्ही बसलो होतो त्याच पायरीवरून मी त्या सोडल्या होत्या. नावे घेऊन. भित्रा होतो, पण रीत मोडली नव्हती. हे एक वाक्य उच्चारले असते तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता.

मी म्हणालो, "केलं माफ."

दत्तू गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि माझ्या पाया पडला. प्राजक्ताने डोळे पुसत फोटो काढला. तो फोटो आता खेळाच्या जाहिरातीत आहे. त्यात मी फार उदार दिसतो.

संध्याकाळच्या प्रयोगाला दत्तू पुढच्या रांगेत बसला. कितीतरी वर्षांनी बसला, असे सगळे म्हणत होते. सीतेच्या वेळी त्याची बोटे मांडीवर हलत होती. मी उठून पाणी प्यायला गेलो.

परत पुण्याला येऊन त्याला फोन लावला. यावेळी चूक नको म्हणून सगळे कागदावर लिहून समोर ठेवले होते.

"पोचला का अण्णा? जेवला का?"

"जेवलो. दत्तू, ऐक..."

"तुमी माफ केलं आन् काल लई दिसांनी गाढ झोप लागली बगा."

मी म्हटले, बरे झाले, प्रकृतीला जप. आणि फोन ठेवला. कागद अजून टेबलावर आहे. त्यावर लिहिले आहे: 'दत्तू, वाळवी लागलीच नव्हती. सतराही बाहुल्यांना मी पाणी दिले, एकेकीचे नाव घेऊन. सीता शेवटी सोडली. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर.'