समुद्रमंथनातला शेवटचा गडी

आमच्या शाळेत शिकवणं कमी आणि किस्से जास्त होतात, असं पालम गावचे लोक म्हणतात. लोकांचं काय मनावर घ्यायचं! पण वीस वर्षं स्टाफरूममध्ये बसून माझ्याकडे गणितांपेक्षा किस्सेच जास्त साचलेत, हे मात्र खरं.

पुराणिक सर आमचे ड्रॉइंगचे शिक्षक. रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं खपून त्यांनी मेणाच्या वीतभर पाटीवर समुद्रमंथन उठावात कोरलं. डावीकडे देव, उजवीकडे राक्षस, मध्ये डोंगर. पुढे या मेणावरून पितळेत ओतून ते शाळेच्या दारावर लावायचं. सगळ्या नोकरीत या माणसाने मागितलं ते एवढंच.

* * *

पहिले कलासमीक्षक म्हणजे पीटीचे कदम सर. पाटी बघून म्हणाले, "सर, रस्सीखेचीत पाय असे नसतेत! शेवटचा गडी टाच रोवून मागं रेलायला पायजे."

"कदम, ती रस्सी न्हाई, वासुकी नाग हाय."

"असू द्या की. फाउल तो फाउलच!"

* * *

मार्चमध्ये ऊन तापलं. शाळेत कूलर एकच, तोही हेडमास्तरांच्या केबिनमध्ये. मेण मऊ पडायला लागलं तशी सरांनी पाटी स्टुलावर ठेवून थेट कूलरपुढे मांडली. हेडमास्तर पडले देवभोळे. देवाला 'सरका' कसं म्हणणार? महिनाभर देव गार वाऱ्यात आणि हेडमास्तर घामाघूम!

"पुराणिक, तुमच्या देवांची बदली कधी व्हायलीय?" असं ते रोज विचारायचे.

* * *

मग आले संस्थेचे अध्यक्ष. यांच्या डाव्या गालात कायम पान. पाटी न्याहाळून म्हणाले, "मास्तर, देवांत कुठंतरी आमचा बी चेहरा बसवा की."

"देवांकडं जागा फुल हाय साहेब. राक्षसांकडं बघतो."

अध्यक्ष खो खो हसले. मोठ्या मनाचा माणूस!

आठवड्याने बघतो तर उजवीकडचा शेवटचा राक्षस टाच रोवून मागे रेललेला, आणि त्याचा डावा गाल टम्म फुगलेला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम खोकला आला.

* * *

सरांचा निरोप समारंभ झाला. पाटी दुसऱ्या दिवशी ओतायला जायची होती. पण दीपप्रज्वलनाशिवाय आपल्याकडे कार्यक्रम होतो का? टेबलावर पाटी ठेवली, हार घातला. अध्यक्ष म्हणाले, "समई देवांच्या अंगाला ठेवा. राक्षसांपुढं दिवा कशाला?" पाच वाती लागल्या, शेजारी ताटभर कापूर पेटला, आरती सुरू झाली.

सर शाल-नारळ सांभाळत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. "समई सरकवा!" ते ओरडले. हेडमास्तरांनी डोळे वटारले, कारण आरती मध्येच थांबवत नसतात. बाकी सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होतो. हेडमास्तरांचे वटारलेले डोळे बघून मीही पुन्हा माझे मिटले. त्याची मला अजून लाज वाटते.

आरती संपली तेव्हा देव टेबलावरून ओघळत होते. डोंगर गेला, नाग गेला. उजव्या टोकाला एकच गडी उरला होता, टाच रोवून.

अध्यक्ष वाकून बघायला लागले. "मास्तर, हा कोण वाचला?"

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "साहेब, ज्याला कशानंच कायबी होत न्हाई, तो."

"मग तर हाच खरा देव!" अध्यक्ष म्हणाले.

आता तेवढाच तुकडा पितळेत ओतून शाळेच्या दारावर बसवलाय. अध्यक्ष येता-जाता चपला काढून त्याला हात जोडतात आणि गालातलं पान सावरत सांगतात, "लय जागृत हाय!"