समोरून येणाऱ्यासाठी

संध्याकाळी वारज्यातल्या आमच्या गॅलरीत उभं राहिलं, की महामार्गावरून जळक्या ब्रेकचा वास येतो. कात्रजचा उतार उतरून आलेले ट्रक तो अंगावर घेऊनच इथवर पोचतात. सोसायटीतली मंडळी त्याला प्रदूषण म्हणतात आणि खिडक्या लावून घेतात. मी मात्र तिथून हलत नाही. लेक अजून ऑफिसातून यायची असते, तिची स्कूटर याच रस्त्यानं येणार असते, आणि माझे हात आपसूक जोडले जातात. नवल म्हणजे, त्या वेळी माझ्या तोंडात तिचं नाव नसतं.

ही सवय कात्रजची. कात्रज तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. घाटाच्या पायथ्याचं गाव होतं ते, आणि आमच्या दोन खोल्या अगदी रस्त्याला लागून. आण्णा, म्हणजे माझे वडील, लाल गाडीवर ड्रायव्हर. दिवेलागणीला ते साताऱ्याहून येत घाट उतरायचे आणि घरावरून जाताना दोनदा भोंगा वाजवायचे. गाडी थांबायची नाही, ती उतारूंना घेऊन तशीच पुण्यात जायची. आण्णा मागाहून सायकलवर यायचे. पण आमच्या लेखी ते घरी येत ते त्या भोंग्याबरोबरच. तो ऐकला की आईचे आखडलेले खांदे खाली यायचे. तोवर तिच्याशी बोलायची सोय नसे. भाजी करपली तरी तिला पत्ता नसायचा.

भोंग्याची वाट बघतानाच ती दिवा लावून मला शेजारी उभी करायची. मागणं ठरलेलं. "समोरनं येनाऱ्याला झोप लागू देऊ नको. त्याचा ब्रेक लागू दे. घरनं भांडून निघालेला नसू दे." हे शेवटचं तिचं खास शास्त्र होतं. मी एकदा विचारलं, "आण्णांसाठी का नाही मागत?" तर म्हणाली, "घाटात आपल्या मानसाचा जीव समोरच्याच्या हातात आसतो. मग त्यालाच सांभाळ म्हनायचं." आई कुणी साध्वी नव्हती. नळावर हंड्यांवरून ती शेजारणींशी कडाकडा भांडे. परक्यांसाठी मागायला तिला शिकवलं ते निव्वळ भीतीनं, आणि मला तिनं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी घाटात धुकं दाटलं. दिवा लावून झाला, मागणं झालं, पण भोंगा वाजेना. वरून येणारी वाहनंच थांबली होती. रस्ता इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. एवढ्यात ओळखीचा गवळी सायकल हातात धरून, चालतच खाली आला. दाराशी थांबून म्हणाला, "वहिनी, वर वळनावर गाडी दरीत गेली म्हंत्यात."

"कसली गाडी?"

"दिसंना काय. लई धुकं हाय."

आई कणीक मळत होती. तिचे हात परातीतच राहिले. मी देवाकडे धावले आणि मोठ्यानं म्हणाले, "देवा, आण्णांची गाडी नसू दे!" तशी आई उठली आणि कणकीचा हात तिनं माझ्या तोंडावर दाबला. तिचे डोळे मला आजही भिववतात.

"आपली नसू दे, तर मग कुनाची असू दे?"

त्यापुढं तिलाही दुसरं काही मागता येईना. आम्ही दोघी नुसत्या हात जोडून उभ्या राहिलो. अशी मुकी भीती मी त्यानंतर पुष्कळदा अनुभवली, इस्पितळांच्या दारांत अनुभवली, पण तिचं पहिलं रूप ते. मनातल्या मनात मी मात्र चोरून तेच मागत होते. आईही मागत असणार.

बऱ्याच वेळानं घाटाकडून दिवे हलले, आणि दोनदा भोंगा वाजला. मी उड्या मारत रस्त्यावर गेले. लाल गाडी धुक्यातून आली तशी निघूनही गेली. पाठोपाठच्या जीपवाल्यानं सांगितलं, ट्रक होता, दक्षिणेकडचा. ड्रायव्हर जागीच गेला.

घरात आले तर आई पुन्हा दिव्यापुढं. मी म्हटलं, "आता कशाला? आण्णा आले ना!" ज्याच्यासाठी रोज मागायचं तोच गेला होता, आणि त्याच्या घरी हे अजून कुणाला ठाऊकही नव्हतं. पुटपुटल्यासारखं ती म्हणत होती, "सांगनारा जरा सावकाश जाऊ दे. त्याच्या पोरांची जेवनं होऊ देत."

आता मला रस्ता बराच कळतो, आणि देव पूर्वीपेक्षा कमी. लेक दारात चप्पल काढते, सुटल्यासारखं वाटतं, मी तिचं पान वाढायला घेते. पण भीती घरातून गेली तरी कुठंतरी जातेच; दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन उभी राहते. म्हणून पोळी तव्यावर टाकण्याआधी मी गॅस क्षणभर बारीक करते, आणि कुठल्याशा अनोळखी घरातल्या पोरांचं जेवण होऊ देते.